डेलाहे १३५: ट्रकवाल्या कंपनीची चॅसी आणि तिच्यावरचा तो अफाट पत्रा

प्रश्न असा आलाय की डेलाहे १३५ या १९३० च्या दशकातल्या फ्रेंच गाडीचा फोटो पाहिला, फिगोनी ए फालास्की या पॅरिसच्या बॉडी बांधणाऱ्यांनी बांधलेली उघडी गाडी, चारही चाकं मडगार्डमध्ये झाकलेली, आणि खाली कुणीतरी लिहिलेलं की इंजिन ट्रकचं आहे. मग ही गाडी चालते कशी, लोक हिच्यासाठी एवढे पैसे का ओततात, आणि अशा गाडीत "ओरिजिनल" म्हणजे नक्की काय? प्रश्न तीन आहेत पण एकमेकांत गुंतलेत, त्यामुळे जरा लांबण होईल. मी जुन्या गाड्यांच्या बॉडीचं काम करतो, पत्रा आणि लाकूड दोन्ही, सुरुवात पुण्यात डेंटिंगपासून झाली आणि आता बरीच वर्षं इंग्लंडमध्ये एका वर्कशॉपमध्ये आहे. इंजिनवाला मी नाही, तेव्हा झुकतं माप बॉडीला मिळणार हे धरूनच वाचा.

आधी ट्रकचं बघू. एमिल डेलाहे हा तूर गावचा माणूस, १८९० च्या दशकात त्याने तिथे गाड्या बनवायला घेतल्या, १८९६ च्या पॅरिस-मार्सेय-पॅरिस शर्यतीत त्या धावल्या. १८९८ मध्ये धंदा पॅरिसला हलला आणि त्याच सुमारास शार्ल वाइफेनबाख नावाचा एक तरुण कंपनीत आला, ज्याला पुढे सगळे "मस्यू शार्ल" म्हणायचे. एमिल थोड्याच वर्षांत बाजूला झाला, १९०५ मध्ये वारला, आणि कंपनी शेवटपर्यंत खऱ्या अर्थाने चालवली ती या मस्यू शार्लनी. त्यांनी काय बनवलं? ट्रक, आगीचे बंब, आणि डॉक्टर-वकील लोक घेतात तशा दणकट, कंटाळवाण्या मोटारी. पॅरिसच्या फायर ब्रिगेडकडे डेलाहेचे बंब होते. गाडी कधी बंद पडायची नाही पण तिच्याकडे कुणी मान वळवून बघायचंही नाही, अशी एकूण ख्याती.

१९३० नंतर मंदी आली आणि मधल्या किमतीच्या मोटारींचा बाजार आटला. अशा वेळी बाकीचे हात आखडता घेतात, यांनी उलटं केलं, इंजिनिअर झाँ फ्रांस्वाला सांगितलं की आपल्याकडे आहे त्यातूनच एक वेगवान गाडी काढ. त्याने कंपनीचं ट्रकसाठीच्या डिझाइनवरून आलेलं सहा सिलिंडरचं इंजिन घेतलं आणि त्याभोवती एक खूप ठेंगणी चॅसी आखली. १९३५ च्या शेवटी ती १३५ म्हणून बाजारात आली. इंजिन आधी ३.२ लिटर, मग ३५५७ सीसी, साधं पुशरॉडचं, म्हणजे व्हॉल्व्ह लांब दांड्यांनी ढकलणारं, ओव्हरहेड कॅम वगैरे भानगड नाही. एमएस नावाच्या तगड्या व्हर्जनला तीन कार्ब्युरेटर आणि साधारण १२० अश्वशक्ती. पुढे आडवा पाटा टाकून इंडिपेंडंट सस्पेन्शन, म्हणजे दोन्ही चाकं वेगवेगळी हलणारं, मागे साधे पाटे, ब्रेक केबलवाले. कागदावर त्याच काळच्या बुगाटीपुढे हे सगळं गावठी वाटतं.

पण ट्रकचं इंजिन म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी, ट्रकचं इंजिन म्हणजे खालच्या आरपीएमला भरपूर ओढ आणि तासन्‌तास ताण सोसायची ताकद, आणि लांबच्या शर्यतीत तेच लागतं. १९३७ ची माँटे कार्लो रॅली याच गाडीने मारली. १९३८ चं ल माँ, चोवीस तास, शाबू आणि त्रेमुले या दोघांनी १३५ च्या रेसिंग अवतारावर जिंकलं. याच कंपनीने लुसी ओ'रायली शेल या अमेरिकन वारसदार बाईंच्या पाठबळावर वेगळं व्ही-१२ इंजिन काढलं, त्या इंजिनाच्या गाडीवर रने द्रेफुस या शर्यतपटूने २७ ऑगस्ट १९३७ ला माँलेरीच्या ट्रॅकवर फ्रेंच सरकारने ठेवलेलं दहा लाख फ्रँकचं बक्षीस मिळवलं. अट होती ताशी १४६.५ किलोमीटरच्या सरासरीची, याची आली १४६.६५, म्हणजे जीव टांगणीला लागणं काय असतं बघा. पुढच्या एप्रिलमध्ये पो या फ्रेंच गावाच्या गल्ल्यांमधल्या शर्यतीत त्याच द्रेफुसने मर्सिडीजला हरवलं, मर्सिडीजला मध्ये पेट्रोल भरायला थांबावं लागलं आणि हा पठ्ठ्या न थांबता गेला. द्रेफुस ज्यू घरातला आणि साल १९३८, तेव्हा फ्रान्समध्ये त्या विजयाचं काय झालं असेल ते वेगळं सांगायला नको.

आता बॉडीकडे येतो.

आजच्या लोकांना एक गोष्ट चटकन पटत नाही, डेलाहे कंपनी बॉडी बनवायचीच नाही. ती विकायची चॅसी, म्हणजे फ्रेम, इंजिन, गिअरबॉक्स, चाकं, रेडिएटर, डॅशची आडवी भिंत, बस. आपल्याकडे हायवेवर नुसती ट्रकची चॅसी घेऊन जाणारे ड्रायव्हर पाहिले असतील, डोक्याला टॉवेल गुंडाळून उघड्यावर बसलेले, ती चॅसी बॉडी बांधणाऱ्याकडे जाते आणि पुढे मालक सांगेल तसं लाकूड, पत्रा, रंग, नक्षी. अगदी तीच पद्धत. फरक एवढाच की इथे चॅसी पॅरिसच्याच एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायची आणि बॉडीवाल्याचं गिऱ्हाईक राजेरजवाडे, नट्या, कारखानदार असायचं. देशाची सीमासुद्धा आड यायची नाही, आपल्या इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी अमेरिकन ड्युझेनबर्गची चॅसी घेतली आणि बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगकडून बांधून घेतली, भगवा आणि काळा रंग देऊन.

पॅरिसच्या आसपास असे कारागीर ढिगाने होते. ल्व्हालुआला आँरी शाप्रों, नुईला युक्रेनहून आलेला साउचिक, शिवाय फ्रानाय, पूर्तू, गिलोरे, लतुर्नर ए मार्शाँ. आणि बुलोन्यला जोसेफ फिगोनी. हा मूळचा इटलीतल्या पियाचेंझाचा, लहानपणी घरच्यांबरोबर पॅरिसला आलेला, हाताने पत्रा ठोकत वर आलेला माणूस. १९३५ मध्ये ओविदिओ फालास्की हा पैसेवाला भागीदार मिळाला आणि फिगोनीच्या डोक्यात जे होतं ते पत्र्यात उतरवायला मोकळीक मिळाली. इंग्रज लोक या जोडनावाची "फोनी अँड फ्लॅशी", म्हणजे नकली आणि भडक, म्हणून टर उडवायचे, त्यात थोडा जळफळाटही असावा.

ऑक्टोबर १९३६, ग्राँ पाले, पॅरिसचा मोटर शो. त्याच उन्हाळ्यात फ्रान्सभर संप झालेले, कामगारांना पहिल्यांदा भरपगारी रजा मिळालेली, आणि श्रीमंत मंडळी धास्तावलेली. अशा वातावरणात फिगोनीने डेलाहे १३५ च्या आखूड चॅसीवर एक उघडी गाडी उभी केली. कल्पना जियो हॅम या चित्रकाराची, जो शर्यतींची चित्रं काढायचा आणि ज्याच्या चित्रातल्या गाड्या वेगाने ताणलेल्या दिसायच्या. फिगोनीने ते चित्र खरं करून दाखवलं, चारही मडगार्ड पाण्याच्या थेंबाच्या आकाराचे, पुढून गोल आणि मागे निमुळते होत गेलेले, आणि चाकं पूर्ण झाकलेली. लोकांना आवडलीही आणि किळसही आली, दोन्ही. ती गाडी अली खानने घेतली असं सांगतात. अली खान म्हणजे आगा खान तिसऱ्यांचा मुलगा, पुण्यात नगर रोडला जो आगा खान पॅलेस आहे तो बांधणाऱ्यांचा.

यानंतर फिगोनीने त्याच धर्तीवर वेगवेगळ्या १३५ बांधल्या आणि कुठलीही दोन अगदी सारखी नाही. काहींची काच दांडा फिरवला की खाली डॅशच्या पुढच्या भागात उतरते. काहींचं हूड, म्हणजे कापडी छप्पर, मागे लोखंडी झाकणाखाली गडप होतं, त्यामुळे हूड उघडल्यावर मागे कापडाचं बोचकं दिसत नाही, जे त्या काळच्या जर्मन आणि इंग्रज गाड्यांमध्ये हमखास दिसतं. काहींच्या आतलं लेदर एर्मेस या महागड्या फ्रेंच कंपनीचं. दाराच्या मुठी पत्र्यात बसवलेल्या, वर काही उठून आलेलं नाही.

आता पुढचं झाकलेलं चाक वळतं कसं, हा तुमचा मुद्दा. सरळ उत्तर, फार वळत नाही. चाक वळायला जागा हवी म्हणून मडगार्ड बाहेर फुगवावं लागतं, आणि कितीही फुगवलं तरी स्टिअरिंगला आवर घालावाच लागतो, त्यामुळे यू-टर्न मारायचा तर दोनतीनदा मागेपुढे. टायर पंक्चर झालं तर आधी बाजूचं झाकण काढा मग चाक काढा. चिखल आत साठतो, ब्रेकला वारा कमी लागतो. हे सगळे दोष खरे आहेत आणि बांधणाऱ्यालाही माहीत होते. वारा कापायला उपयोग होतो म्हणाल तर बंद कूपेमध्ये थोडाफार होतो, उघड्या गाडीत काच वर असली की सगळा हिशोब तिथेच संपतो, वर एवढा पत्रा म्हणजे वजन. फिगोनीच्या गाड्यांना "एरोडायनॅमिक" म्हणणं हे माझ्या मते त्या काळच्या जाहिरातीचं शेपूट आहे. वेग दिसला पाहिजे एवढाच हेतू होता, आणि त्या हेतूत ती शंभर टक्के पास आहे.

या गाड्या दाखवायलाच बनायच्या. पॅरिसमध्ये "कोंकूर देलेगाँस" भरायचे, गाडी आणि तिच्याबरोबर तिला शोभणारे कपडे घातलेली बाई, दोघींना मिळून मार्क. कपड्याचा रंग गाडीच्या रंगाशी जुळवलेला असायचा. आज ऐकायला कसंतरी वाटतं पण बॉडीवाल्यांची निम्मी गिऱ्हाइकं तिथेच ठरायची. फिगोनीचे रंग बघितले की ते कळतं, तो दोन रंग जिथे भेटतात तिथे क्रोमची एक पट्टी फिरवायचा, पुढच्या मडगार्डवरून दारावर, दारावरून मागे.

त्या पट्टीबद्दल थोडं थांबतो कारण आमच्या कामाच्या दृष्टीने ती फार महत्त्वाची. अशा गाडीचं एक मडगार्ड एका पत्र्यातून निघत नाही. लहान लहान तुकडे वाळूच्या पिशवीवर किंवा लाकडाच्या खोबणीत ठोकून खोलगट करायचे, मग व्हीलवर, म्हणजे दोन रोलरच्या मध्ये, पत्रा मागेपुढे सरकवत गुळगुळीत करायचा, मग तुकडे गॅसने जोडायचे, जोड ठोकून सपाट करायचा, उरलंसुरलं शिसं भरून फाइलने घासायचं. जोड कुठे येतोय यावर सगळं. हुशार पत्रेवाला जोड अशा ठिकाणी आणतो जिथे वरून पट्टी जाणार आहे. म्हणजे बघणाऱ्याला जी शोभा वाटते ती खालच्या कामाची सोयही असते. मडगार्डच्या आतून हात घातला की हातोडीच्या बारीक खुणा बोटांना लागतात, बाहेरून आरसा आणि आतून खडबडीत, आणि त्या खुणांवरून ठोकणारा एक होता की दोन हेही कधीकधी कळतं.

डावं आणि उजवं मडगार्ड सारखं नसतं. मिलिमीटरांचा नाही, कधीकधी बोटभर फरक असतो, कारण दोन बाजूंना दोन माणसं काम करत होती किंवा एकाच माणसाने एक बाजू सोमवारी आणि दुसरी शुक्रवारी केली. आता रिस्टोरेशनमध्ये बरेच जण काय करतात, एका बाजूचं स्कॅन काढतात आणि कॉम्प्युटरवर उलटवून दुसरी बाजू बनवतात. गाडी एकदम तंतोतंत होते आणि एकदम मेलेली दिसते, का ते पहिल्या नजरेत सांगता येत नाही. मी तरी ते करू देत नाही, मालकाला राग आला तरी चालेल. जे वाकडं होतं ते वाकडंच परत यायला पाहिजे.

पत्र्याखाली लाकूड असतं, अॅश नावाचं, चिवट आणि लवचिक. सांगाडा लाकडाचा, पत्रा त्यावर खिळ्यांनी आणि कडा वळवून बसवलेला. बंद गाडीला छताचा आधार असतो, उघडीला काहीच नाही, सगळी भिस्त चॅसीवर आणि दाराखालच्या आडव्या लाकडावर. तिथेच पाणी मुरतं, स्क्रू गंजतो, लाकूड कुजतं, आणि दार लोंबायला लागतं. म्हणून अशी गाडी बघायला गेलात तर दाराच्या फटी ती स्टँडवर उचललेली असताना बघू नका, चाकांवर उभी करून, आत दोन माणसं बसवून बघा. कुलपाच्या बाजूची फट खाली रुंद आणि वर अरुंद दिसली की समजायचं लाकूड गेलंय, वर रंग कितीही चकचकीत असो.

चालवायला कशी? अॅक्सिलरेटर दाबला की घाई न करता ओढत जाते, आवाज जाड, बुगाटीसारखा कर्कश नाही. स्टिअरिंग उजवीकडे, कारण महागड्या फ्रेंच गाड्यांची तेव्हा तीच रीत होती, त्यामुळे आपल्याला घरच्यासारखं वाटतं. मजा आहे ती कोताल गिअरबॉक्सची. स्टिअरिंगच्या बाजूला बोटाएवढी दांडी, छोट्याशा एच आकाराच्या खाचेत फिरते, खेळण्यातली वाटते. ती दांडी म्हणजे फक्त विजेचं बटण आहे, गिअरबॉक्समध्ये इलेक्ट्रोमॅग्नेट आहेत, ते एपिसायक्लिक गिअर, म्हणजे एका मधल्या गिअरभोवती फिरणारे छोटे गिअर, पकडतात आणि सोडतात. क्लच लागतो गाडी हलवताना, नंतर दोन बोटांनी गिअर बदलत राहायचं. पुढे-न्यूट्रल-मागे यासाठी खाली वेगळा दांडा, त्यामुळे रिव्हर्सलाही चार गिअर मिळतात, जे कुणी वापरून बघू नये. बिघाड झाला तर निम्म्या वेळा गिअरबॉक्स चांगलाच असतो, करंट पोचत नसतो, ब्रश आणि कॉन्टॅक्ट साफ केले की गाडी मुकाट चालायला लागते. पण हे माहीत नसल्यामुळे कित्येकांनी ते बॉक्स काढून दुसऱ्या गाडीचे साधे गिअरबॉक्स बसवले. ब्रेकचंही तसंच, केबलवाले ब्रेक चारही चाकांना सारखे लावणं हे कौशल्याचं काम, ते जमलं नाही की लोक हायड्रॉलिक बसवून मोकळे होतात.

मला विचाराल तर या गाडीचं मर्म इथे आहे. खालची यंत्रणा साधी आणि दणकट होती म्हणून वर फिगोनीला हवा तो पत्रा चढवता आला, नाजूक चॅसी असती तर हे ओझं सोसलं नसतं, आणि साधी होती म्हणूनच नंतरच्या पडत्या काळात कुठल्याही गावच्या मेकॅनिकने ती चालू ठेवली. उलटं उदाहरण डेलाहेच्याच १६५ चं. त्या शर्यतीच्या व्ही-१२ इंजिनावर आधारलेली रस्त्याची गाडी, फिगोनीच्याच बॉडीची, १९३८ च्या पॅरिस शोला आली, आणि दुसरी १९३९ च्या न्यूयॉर्क वर्ल्ड्स फेअरला पाठवली. वरून बघितलं तर फिगोनीच्या हातची सगळ्यात देखणी उघडी गाडी असेल, पण न्यूयॉर्कला गेलेल्या गाडीचं इंजिन आतून अपुरं होतं, चालूच होत नव्हतं. तेवढ्यात युद्ध सुरू झालं आणि गाडी अमेरिकेतच अडकली. तिचं इंजिन चालतं व्हायला पुढे अनेक दशकं जावी लागली.

युद्धानंतर १३५ परत आली, १९४६ च्या शोमध्ये फिगोनीने नाकाड पुढे काढलेली "नारवाल" आणली, साउचिकने डेलाहेच्याच ४.५ लिटरच्या १७५ वर क्रोमचा सडा घालून गाड्या बांधल्या, त्यातलीच एक उघडी गाडी नटी डायना डॉर्सकडे होती. मला स्वतःला युद्धानंतरच्या या गाड्या जड वाटतात. पण खरा घाला दिसण्याने घातला नाही. सरकारने पोलाद वाटून द्यायला सुरुवात केली आणि प्राधान्य ट्रक आणि छोट्या मोटारींना, मोठ्या इंजिनांवर जबर कर. त्यात चॅसी वेगळी आणि बॉडी वेगळी हा प्रकारच संपत चालला होता, सित्रोएनने १९३४ मध्येच त्राक्सियों आवाँ काढून दाखवलं होतं की बॉडी हीच फ्रेम असू शकते. चॅसीच नाही तर बॉडीवाल्याने बांधायचं कशावर? १९५४ मध्ये डेलाहे हॉचकिस या दुसऱ्या फ्रेंच कंपनीत विलीन झाली आणि मोटारी बंद. बॉडीवाले एकेक करून मिटले, शाप्रों तेवढा सित्रोएन डीएसच्या उघड्या गाड्या बांधत तगून राहिला. १३५ सगळ्या मिळून दोन हजारांच्या आसपासच बनल्या आणि त्यातल्या बऱ्याचशा शाप्रों, गिलोरे वगैरेंच्या शांत, सभ्य बॉडीच्या, फिगोनीच्या त्या थेंबवाल्या उघड्या तर अगदी मोजक्या.

म्हणून किमतीतली तफावत. शाप्रोंची उघडी १३५ जेवढ्याला मिळते त्याच्या कितीतरी पट फिगोनीची. इंजिन तेच, चॅसी तीच, गिअरबॉक्स तोच, फरक सगळा पत्र्याचा आणि तो कुणी ठोकला त्याचा. २००० साली कॅलिफोर्नियात पेबल बीचच्या जुन्या गाड्यांच्या स्पर्धेत सर्वोत्कृष्ट गाडीचा मान १९३७ च्या फिगोनी बॉडीच्या १३५ ला मिळाला, अशा बक्षिसांनी भाव आणखी चढतात.

आणि भाव चढले की उद्योग सुरू होतात. कुठलीतरी साधी चार दारांची १३५ घ्यायची, बॉडी काढून टाकायची, आणि फोटोवरून फिगोनीची बॉडी नवी बांधायची. काम उत्तम असू शकतं, आमच्यासारख्यांना पोटापाण्याला असली कामं येतातही, पण ती प्रतिकृती आहे असं म्हणूनच विकली पाहिजे. ओरिजिनलबद्दल विचारलंत म्हणून सांगतो, मी तीन ठिकाणी बघतो. चॅसीचा नंबर आणि जुने कागद जुळतात का. बॉडीचा नंबर लाकडावर, पत्र्याच्या आतल्या कडांवर, झाकणांच्या मागे ठोकलेला सापडतो का आणि तो सगळीकडे एकच आहे का. आणि लाकूड, कारण पत्रा जुना दाखवता येतो, रंग जुना दाखवता येतो, पण ऐंशी वर्षं जुना सांधा, ज्यात स्क्रूभोवती लाकूड काळं पडलंय, तो खोटा करणं नाकी नऊ आणतं. निम्मं लाकूड बदललेलं असलं तरी हरकत नाही, उघड्या गाडीत ते होणारच, पण बदललेले तुकडे जपून ठेवलेले असले तर मी त्या मालकावर आणि त्याच्या कारागिरावर जास्त विश्वास ठेवतो.

प्रत्यक्ष बघायची असेल तर पॅरिसला फेब्रुवारीच्या सुमारास रेट्रोमोबील हे जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरतं, तिथे डेलाहे सहसा असतेच. कॅलिफोर्नियात ऑक्सनार्डचं मलिन म्युझियम फ्रेंच गाड्यांचं माहेरघर होतं पण ते २०२४ मध्ये बंद झालं. कुठेही भेटली तर गर्दी समोरून फोटो काढत असेल, तुम्ही मागच्या बाजूने, गुडघे टेकून, मागच्या मडगार्डचं टोक आणि डिक्की जिथे जवळजवळ येतात तिकडे बघा. सगळ्यात अवघड पत्रा तिथे आहे. आणि मालक बोलका निघाला तर त्याला काच खाली उतरवून दाखवायला सांगा, आढेवेढे घेतले तर दांडा अडकतोय असं समजा.